फळ्यावरचं नाव

२ फेब्रुवारी
ठरलं! एकोणीस तारखेला बोलायचं. दादाला जाऊन वर्ष होईल, पोलीस ठाण्यात त्याचा फोटो लागणार. साहेब आईला म्हणाले, "धाकट्यानं दोन शब्द बोलावेत." दोन कशाला? एकच बोलतो. हवालदाराचं, तिच्या बापाचं नाव, सगळ्या ठाण्यासमोर! नाक्यावरची ती ड्यूटी त्याची. त्याच्या जागी उभा राहिला दादा. ट्रकनं अडथळ्यासकट उडवलं त्याला.
पूर्वी काका म्हणायचो मी ह्या माणसाला. थू!

५ फेब्रुवारी
ती बसथांब्यावर दिसली. निळी ओढणी. माझ्याकडे पाहिलंही नाही. बरं झालं.
कसलं बरं.

८ फेब्रुवारी
आई पुन्हा तेच — "कॉलेजात जा." एकाचं नाक फोडून सोडलंय कॉलेज, हार घालून घेतील का परत? "तुझ्या भावाला ट्रक दिसला नाही वाटतं," म्हणाला होता. आणखी एक ठेवून द्यायला हवी होती.
"दादा असता तर आधी तुझ्या कानाखाली काढली असती," आई म्हणाली. मग बराच वेळ नळ उगाच चालू ठेवला तिनं.

११ फेब्रुवारी
हे कुणाला सांगितलेलं नाही.
त्या दुपारी ठाण्यातून फोन आधी तिच्या घरी गेला. ड्यूटी बदलली, पण ड्यूटीच्या फळ्यावरचं हवालदाराचं नाव कुणी पुसलंच नव्हतं. ती मला फोनवर ओरडली, "बाबा गेले रे!" मी तिच्या घरी धावलो. जिन्यात, तीन पायऱ्या राहिल्या असतील, मनात आलं — आता आमच्या आड येणारं कोणी नाही.
मागून हवालदार वर आला. हातात बटाट्यांची पिशवी. आतून रडणं, दारात मी. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी सुटली. नाक्यावर कोण होतं, हे त्याला कळलं. मला अजून नव्हतं कळलं.
बटाटे जिन्यावरून खाली जात राहिले.

१४ फेब्रुवारी
हवालदार रस्त्यात भेटला. लोकांदेखत बोललो — "माझ्या भावाला मरायला धाडून बाजार करत होतात!" नेहमीसारखं ऐकून घेतलं त्यानं. जाताना म्हणाला, "आईला सांभाळ."
आणि ह्याच माणसाला पटव म्हणून मी दादाच्या मागे लागलो होतो! "लग्न करीन तर तिच्याशीच," म्हणालो. दादा हसला — "आधी नोकरीचं बघ, मजनू. तिच्या बापाचं मी बघतो, माझ्या पद्धतीनं."

१८ फेब्रुवारी
ठाण्यातल्या दादाच्या कपाटाचं कुलूप शेवटी तोडलं. कारकुनानं दादाच्या वस्तूंची पिशवी दिली. म्हणाला, "ड्यूटी बदलल्याच्या अर्जाची प्रतही आहे त्यात. ज्याला बदल हवा, त्यानंच लिहायचा असतो."
म्हणजे हवालदाराच्या हातचा पुरावा! आज आईसमोर पिशवी उघडवत नाही; उद्या तोच वाचून दाखवतो.

१९ फेब्रुवारी
पिशवीत शिट्टी, कंगवा, अर्ज. अक्षर दादाचं.
"हवालदारांची आज दुपारची नाक्यावरची ड्यूटी मला द्यावी. कारण — त्यांना खूश करून धाकट्याचं लग्न जमवायचं आहे."
खाली साहेबांचा शेरा — "असली कारणं लिहू नयेत. मंजूर." बाजूला हवालदाराची सही. वर्षभर माहीत होतं त्याला.
बोलायला उभा राहिलो. तो पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता, शिव्या खायच्या तयारीनं.
"काका —" एवढंच निघालं तोंडातून.