डावीकडची चमकी

अप्पा, तुमची नात सतरा वर्षांची झाली आणि तिला फोटोग्राफी शिकायला चेन्नईच्या कॉलेजात जायचं आहे. फॉर्मवर पालकाची सही हवी. तो फॉर्म पंधरा दिवस आपल्या स्टुडिओच्या काउंटरवर पडून होता आणि मी रोज त्याच्याकडे बघून तुमचंच वाक्य म्हणत होते, ‘फोटो काय वर्गात बसून शिकायची गोष्ट आहे?’ तुम्ही असता तर गालातल्या गालात हसला असता, कारण माझ्या कॉलेजच्या वेळी हेच वाक्य ऐकून मी तीन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता. शेवटी आईने मध्ये पडून तुमची सही घेतली. तुम्ही मान वर न करता ती केलीत आणि लगेच कुणाचा तरी पासपोर्ट फोटो कापायला घेतलात. मला सोडायला स्टेशनवरही आला नाहीत. पुढे कितीतरी वर्षं तो राग मी जपून ठेवला होता. आता खरं वाटत नाही, पण होता.

मी डिप्लोमा घेऊन परत आले तेव्हा माझ्या डोक्यात वारं शिरलं होतं. तुमचा दिवा चुकीच्या जागी, त्याने चेहऱ्यावर सावली वाकडी पडते, तुमचा पडदा जुनाट, फोटो धुवायच्या औषधांचं तुमचं माप अंदाजपंचे. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात. मग पापनाशमहून ते कुटुंब आलं, आपल्यातलंच, घरात मराठी बोलणारं. त्यांच्या अम्मा सवाष्ण गेल्या होत्या. तेराव्याला मांडायला मोठा फोटो हवा होता, आणि त्यांच्याजवळ होती फक्त एक जुनी निगेटिव्ह, नुसता चेहरा आणि गळ्याभोवती शाल. तुम्ही म्हणालात, ‘तूच कर.’ मी निगेटिव्ह कॉलेजात शिकवली होती तशीच यंत्रात लावली, तिची निस्तेज बाजू खाली, म्हणजे चित्र सरळ येतं. पाहते तर चमकी डाव्या नाकपुडीत! इथे तमिळ मुलखात तर जिकडे बघावं तिकडे बायकांची मूक्कुत्ती, म्हणजे चमकी, उजवीकडे. मी स्वतःशीच म्हटलं, पूर्वी कुणा अडाण्याने फोटोवरून ही निगेटिव्ह काढताना ती उलटी केलेली दिसते. आणि मोठ्या अभिमानाने निगेटिव्ह उलटवून फोटो ‘सुधारला’. माझ्या स्वतःच्या आजीची चमकी जन्मभर डावीकडे होती, अप्पा. तिच्या मांडीवर मी वाढले, आणि तरी मला ते आठवलं नाही.

सुनेने फ्रेम हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला. ‘अय्यो, या आमच्या अम्मा नव्हत,’ ती म्हणाली. ‘कोणी दुसरींच दिसतात कीं हो.’ ती रडायलाच लागली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही पुढे झालात. ‘माझी चूक. वय झालें, नजर चुकते आतां. उद्यां मी स्वतः आणून देतों.’ दुसऱ्या दिवशी उन्हाची वेळ, बसला मरणाची गर्दी, आणि तुम्ही सरळ छापलेल्या फोटोची ती काचेची फ्रेम छातीशी धरून पापनाशमला गेलात. परत आल्यावर पाय धुतलेत, पाणी प्यायलात आणि एवढंच विचारलंत, ‘कां ग, माणसास विचारायचें कॉलेजांत शिकवीत नाहींत?’ मला वाटलं धरणी दुभंगावी. त्याहून मोठ्याने तुम्ही मला कधी रागावला नाहीत, आणि ही गोष्ट आईलाही सांगितली नाहीत.

म्हणून मी कॉलेज वाया गेलं असं म्हणावं का? तेच मला ठरवता येत नव्हतं. निगेटिव्ह कॉलेजने सांगितली तशी मी आधी बरोबरच लावली होती. घोळ माझ्या शहाणपणाने केला. आणि कॉलेजने मला आणखी एक दिलं, जे तुमच्यापाशी मिळालं नसतं. तिथे माझे फोटो भिंतीवर लावून तीस परकी पोरं त्यांची चिरफाड करायची. घरी मला फक्त तुम्ही बघायचात, आणि तुमची माया मध्ये यायची.

त्यानंतर एकदा सारभात कालवता कालवता तुम्ही म्हणालात, ‘ती सावलीची गोष्ट फिरून सांग पाहूं. एक गिऱ्हाईक विचारीत होता.’ असलं विचारणारं गिऱ्हाईक आपल्या दुकानात कधी आलं, अप्पा? मी सांगितलं. तुमचा हात ताटातच राहिला, भात निवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर वीस वर्षं एका जागी असलेला दिवा तुम्ही हातभर सरकवला होता. त्या दिवशी तुमचा जितका लोभ वाटला तितका पूर्वी कधी वाटला नव्हता.

काल पोरीने मला गाठलं. तमिळमध्येच म्हणाली, कारण भांडायला तिला मराठी पुरत नाही, ‘आजोबांचं म्हणणं इतकं खरं होतं, तर मग तू कशी गेलीस?’ मी म्हटलं, ‘तेव्हांची गोष्ट वेगळी.’ तिच्या डोळ्यांसमोर मला माझंच बोलणं खोटं वाटायला लागलं.

कॉलेज चांगलं की वाईट हा प्रश्नच नव्हता, अप्पा. ती गेली की दुपारी शटर अर्धं ओढून जेवायला बसेन, तेव्हा समोर कुणी नसेल. लग्नाच्या मांडवात फोटो काढताना ‘अम्मा, इकडून घे’ म्हणून कुणी कोपर ओढणार नाही. मला ती जायला नको होती, आणि ते माझ्या नावाने म्हणायची लाज वाटली म्हणून तुमचं नाव पुढे केलं. हे कळलं आणि मग दुसरंही कळलं. तुम्ही स्टेशनवर का आला नाहीत, ते. इतकी वर्षं मी त्याला हट्ट म्हणत होते. मला माफ करा.

आज सकाळी सही केली. ती नाचत बाहेर गेली, कारण विचारायलाही थांबली नाही. बरं झालं, मी काहीतरी निगेटिव्हचं, सावलीचं सांगत बसले असते. हे पत्र काउंटरवर उघडंच ठेवणार आहे. तिला देवनागरी वाचता येत नाही, आणि खरं सांगते अप्पा, म्हणूनच मी तमिळमध्ये लिहिलं नाही.