वेनिंगची साखर आणि तुमचा अबोला

इबू,

आई गं, इथूनच तुझ्या गुडघ्यांवर डोकं टेकवतो. मकासारच्या बंदरात होड्या रंगवतोय, दोन वेळ पोटभर जेवतो. काल बकरीने माझी चप्पल खाल्ली, ते असो.

वेनिंगचं पत्र आलं. तिची साखर पुन्हा चढली, डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन वाढवलं, आणि तू गुळाच्या डब्याला कुलूप लावलंस म्हणे. अगं, पोरगी चोरून खात नाही. मी घर सोडल्यापासून तू आणि बापाक एकमेकांशी बोलत नाही. "वेनिंग, बापाकना सांग, भात झालाय." "वेनिंग, इबूला सांग, भूक नाही." तेरा वर्षांची पोर तुमचे निरोप वाहते, त्यातला राग गाळून सांगते. मला लिहिते, "दादा, या धावपळीत कधी सुई टोचायचीच राहते. इबूला सांगू नको हं." तरी सांगतोय.

भांडण माझ्यावरून झालं. बापाकना वेगळ्या पत्रात माफी मागितलीय. ते वाचतील ना गं?

पण त्यासाठी थांबू नकोस. आज भात झाला की तूच त्यांना हाक मार. पहिल्यांदा ऐकलंच नाही असं दाखवतील. मग पुन्हा मार.

तुझा भटका,
सेनो