बीचचा बाक

आई, तुझ्या लॅबमधले अंकल परवा गेले. त्यांच्या मुलाचा सोनीपतहून फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडत होते. शेवटपर्यंत ते तुझी आठवण काढायचे म्हणाला. मॅडमजींसारखं काम कोणी केलं नाही, फक्त एकदाच त्यांच्या हातून चूक झाली, असं सांगायचे म्हणे. मी फोनवर हो हो म्हटलं. तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुझ्याशी मनातसुद्धा बोलले नव्हते. आज हे लिहिते आहे, कारण ती चूक कोणाची होती हे मला एकटीला माहीत आहे, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते आता उरले नाहीत.

मयूर विहारच्या आपल्या फ्लॅटचा ओटा मला अजून जसाच्या तसा दिसतो. गॅसपासून लांब, भिंतीच्या कडेला, पाण्याने भरलेले दोन स्टीलचे डबे. प्रत्येकात काडेपेटीएवढा लाकडाचा एकेक ठोकळा, दोन्ही एकाच फळीचे. एक कच्चा. दुसरा तू आणि अंकलनी ॲसिटिक ॲनहायड्राइडमध्ये तासन्‌तास गरम केलेला, जड, कडक, टिचकी मारली की कोरडा आवाज देणारा. रविवारी लॅब बंद असायची आणि मोजमाप रोज व्हायला हवं, म्हणून ते ठोकळे आपल्या घरी राहायला यायचे. बाबा बदलीच्या नोकरीत, वर्षातून दोनदा येणार, म्हणून मोजायला मी. मी अकरा वर्षांची आहे, पोळी लाटता येत नाही, पण व्हर्नियर कॅलिपर धरता येतो. त्या दुसऱ्या ठोकळ्याला व्हिनेगरचा वास आहे आणि तो आमटीलाही लागलेला आहे. तू पदर खोचून उभी आहेस आणि मला सांगते आहेस की कच्च्या लाकडाच्या अंगात पाण्याला बसायला जागा असतात, मी त्या जागांवर आधीच दुसऱ्या कोणाला तरी बसवून टाकते, मग पाणी येतं आणि तसंच परत जातं. इतकं गोड तू माझ्याशी क्वचितच बोललीस. मी विचारलं, सागवान का नाही घेत? तुझे ठोकळे बीच नावाच्या परदेशी लाकडाचे; ते नाव ऐकून लोक हसायचे, हिंदीत कशाच्या बीच म्हणून विचारायचे. तू म्हणालीस, सागाला माझी गरज नाही. बीच सगळ्यात जास्त फुगतं, उघड्यावर टाकलं तर सगळ्यात आधी कुजतं. ढ विद्यार्थी घेतला तरच आपण काय शिकवलं ते कळतं. आणि असं म्हणून तू माझ्याकडे बघितलंस.

त्याच वर्षी चैत्रात एका रविवारी मी शेजारी टीव्ही बघत बसले. केबल नुकतीच आली होती. परत आल्यावर ठोकळा न मोजताच वहीत आदल्या दिवसाचा आकडा थोडा वाढवून लिहून टाकला. तुला कळायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, कारण कच्चा ठोकळा दोन दिवसांपूर्वीच फुगायचा थांबला होता. तू ओरडली नाहीस. संध्याकाळी हळदीकुंकवाला आपल्या ओळखीच्या पाच-सहा मराठी बायका आल्या, त्यांच्या हातात आंब्याच्या डाळीच्या बश्या होत्या, आणि तू मला आतून हाक मारून ती वही माझ्या हातात दिलीस. काय लिहिलंयस ते वाच, म्हणालीस. मी वाचलं. आता ते खरं आहे का ते सांग. मी म्हटलं, खोटं आहे. तू म्हणालीस, ऐकू आलं नाही. तीनदा म्हणायला लावलंस. एक काकू म्हणाल्या, जाऊ द्या हो, लहान आहे.

"लहान आहे म्हणूनच," तू म्हणालीस. "मोठेपणी मला लाज वाटण्यापेक्षा आत्ता तिला वाटू दे."

मग तू पन्ह्याचे पेले फिरवलेस. मी वही धरून तिथेच उभी राहिले, कारण जा असं तू म्हटलं नव्हतंस.

मी शिकले, नोकरीला लागले. गुडगावला तेव्हा नुसते खड्डे आणि क्रेन होत्या. मी रोज चार्टर्ड बसने यमुना ओलांडून एका बिल्डरच्या परचेस डिपार्टमेंटला जायचे. तिकडे तुमच्या सरकारी संस्थेला वरून सांगण्यात आलं होतं की आता आपापली गिऱ्हाइकं शोधा, कागदावरचं संशोधन पुरे. तुझं उभं आयुष्य त्या लाकडात गेलेलं, आणि ते विकायचं कसं हे तुला माहीत नव्हतं. एका सकाळी चहा गाळताना तू मला विचारलंस, तुमच्या सोसायटीच्या बागेत बाक लागत असतील ना? तू माझ्याकडे काही मागितलंस ते तेवढं एकदाच. मी तुला साहेबांकडे नेलं. इम्पोर्टेड लाकूड म्हटल्यावर ते खूश झाले. मग तू आणि अंकल कित्येक महिने त्या फळ्यांच्या मागे होतात. भट्टी लहान, म्हणून फळ्या अरुंद. ज्या दिवशी फळ्या पाठवल्यास त्या दिवशी मला बजावलंस की यात थोडं ॲसिड राहतंच, ते लोखंड खातं, साधा स्क्रू एकही नको, फक्त स्टेनलेस. माझा भरवसा नव्हता म्हणून तेच लेटरहेडवर लिहून, सही करून दिलंस. मी तो कागद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

कॉन्ट्रॅक्टर साधे स्क्रू घेऊन आला. स्टेनलेसचे मिळायला चार दिवस लागतील म्हणाला, आणि उद्घाटन परवावर आलेलं. मी म्हटलं, लगा दो. खरं तर मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. एवढ्याशा स्क्रूने काय होणार आहे, आई नेहमीच जास्त सांगते, इतकाच विचार मी केला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी एक निवृत्त शिक्षिका नातीला घेऊन त्या बाकावर बसल्या आणि फळ्या लोखंडी सांगाड्यावरून निसटल्या. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. पुढे त्या वॉकरशिवाय चालल्या नाहीत. मी त्यांना भेटायला कधीही गेले नाही.

मीटिंगला तुला बोलावलं. टेबलावर मोडक्या बाकाची एक फळी होती. तू ती हातात घेतलीस, नखाने खरवडलीस, हुंगलीस. दोन पावसाळे उघड्यावर काढूनही ती फुगली नव्हती, कुठे बुरशी नव्हती. तुझ्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद दिसला. मग तू एक स्क्रू उचललास, त्याची मान खाऊन खाऊन टाचणीएवढी झाली होती. लकडी ठीक है, तू म्हणालीस, स्क्रू लोहे का है. साहेबांनी विचारलं की हे तुम्ही आम्हाला आधी सांगितलं होतं का. तू माझ्याकडे बघितलंस आणि थांबलीस. मी काय बोलते याची तू वाट बघत होतीस.

"नहीं सर," मी म्हटलं. "मैडम ने स्क्रू के बारे में कुछ नहीं कहा था."

तुला मी मॅडम म्हटलं. अंकल तुझ्या शेजारी बसले होते, त्यांना त्या कागदाबद्दल काहीच माहीत नव्हतं. तुझ्या पर्समध्ये त्याची कार्बन कॉपी असणार हे मला ठाऊक होतं, तू कॉपी ठेवल्याशिवाय कधी काही लिहिलं नाहीस. तू पर्सला हातही लावला नाहीस. हाँ, मुझसे रह गया, इतकंच म्हणालीस आणि मान खाली घातलीस. आई, तेव्हा मला बरं वाटलं. आंब्याची डाळ खाणाऱ्या त्या बायका आठवल्या आणि बरं वाटलं.

घरी आल्यावर तू कणीक मळायला घेतलीस. मी दारात उभी राहून विचारलं की तू खरं का सांगितलं नाहीस.

"तुझ्यासाठी नाही केलं," तू वर न बघता म्हणालीस. "माझी मुलगी खोटं बोलते हे त्या माणसांना कळायला नको होतं. पानं घे."

त्यानंतर तुमच्या लाकडाला कोणी विचारलं नाही. काम बंद झालं, अंकलना स्टोअरमध्ये टाकलं, तू नुसतीच खुर्चीवर बसून रिटायर झालीस. मला बढती मिळाली. आपण एकाच घरात राहिलो आणि दूध, गॅस, वीज यांच्याबद्दल बोललो. लॅबचा विषय तू पुन्हा काढला नाहीस. मीही नाही.

मग तुझं आजारपण. हिवाळ्यात अंकल रोहतकची तिळाची गजक घेऊन भेटायला आले. तू उशीला टेकून बसलीस, केस नीट केलेस, आणि अगदी स्वच्छ आवाजात त्यांना म्हणालीस, "इससे पूछो, स्क्रू किसने लगवाए थे." ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. तू पुन्हा तेच म्हणालीस. मी तुझी शाल सारखी केली आणि त्यांना सांगितलं, दवा का असर है अंकल, कुछ भी बोलती हैं. त्यांनी डोळे पुसले, तुझ्या पायांना हात लावला आणि गेले. तू भिंतीकडे तोंड केलंस. पुढचे नऊ दिवस तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि मग बोलायला तू राहिलीच नाहीस.

अंकलच्या मुलाने तेराव्याला वाचायला म्हणून त्या दोघांच्या कामाबद्दल चार ओळी मागितल्या आहेत. त्याच लिहायला बसले होते आणि हे झालं. त्या चार ओळी मी उद्या पाठवीन, त्यात बाकाचा उल्लेख नसेल. हे मात्र कुठेच जाणार नाही. एकच सांगायचं राहिलं. अंकल गजक घेऊन आले त्या दिवशी सकाळच्या गोळ्या मी तुला दिल्याच नव्हत्या. अंकल येणार आहेत, गोळ्यांनी झोप येते, आज नको, असं तूच म्हणाली होतीस.