न आलेल्या टेपचा शेवट

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. स्टेशनातल्या टेपच्या खोलीत, कालची टेप मागे गुंडाळत असताना.

प्रिय बेनिता मावशी,

आपल्या बेटाच्या रीतीप्रमाणे तुझा उजवा हात मनातल्या मनात माझ्या नाकाला लावून नमस्कार. सॅन दिएगोची हवा तुला मानवली असेल अशी आशा करतो. इकडे आई बरी आहे, तिची सुपारी चालू आहे, आणि दात (उरलेले चार) शाबूत आहेत.

तुला ठाऊकच आहे, तिकडे दाखवलेल्या मालिकेची टेप विमानाने बेटावर येते आणि आम्ही ती आठवडाभराने लावतो. तुझं पत्र टेपच्या आधी पोचतं, त्यामुळे पुढचं सगळं मला आधीच कळतं. याचा मी आजवर गैरफायदा घेतला नाही. (एकदा घेतला, मुष्टियुद्धाच्या वेळी, पण पैजेत जिंकलेला कोंबडा परत केला.) तर गेल्या शुक्रवारी इस्पितळाच्या मालिकेचा शेवटचा भाग होता, आणि विमानातून आलेल्या पेटीत निघाला गोल्फ. आमचे साहेब मिस्टर माफ्नास म्हणाले, "दिलगिरीची पाटी लाव आणि दाराला आतून कडी घाल." पाटी लावली, पण सात वाजून चार मिनिटांपर्यंत एकेचाळीस फोन आले. शेवटचा तान लोलेचा. म्हणजे माझ्या रोसाच्या आईचा, जिने दोन वर्षांत मला अंगणापलीकडे येऊ दिलेलं नाही. "अरे ए टेपवाल्या," ती म्हणाली, "चाळीस भाग रडलेय मी. लिंडाचं लग्न कोणाशी लागलं ते आज कळलं नाही ना, तर तुझ्या दारात चटई टाकून बसेन!"

मग मी शर्टाची वरची गुंडी लावली, तुझं पत्र घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर बसून अख्खा भाग सांगितला. पत्र उत्तम होतं, मावशी. फक्त चौथ्या पानावर तू लिहिलंस, "इथे मला डोळा लागला." म्हणजे अँब्युलन्सचा ड्रायव्हर टॉम लिंडाच्या दारात उभा, तिची श्रीमंत आई हॅरिंग्टनबाई दार उघडतेय, आणि मावशी झोपली. घड्याळात सहा मिनिटं उरली होती. ती मी भरली. बाईंना दिसतं, की मुलगा गरीब असला तरी वक्तशीर आहे, यंत्रं नीट सांभाळतो. बाई रडतात (मीही थोडा रडलो), लिंडाचा हात त्याच्या हाती देतात आणि सगळ्यांना लाल भात वाढतात. (हॅरिंग्टनबाईंकडे आपल्या बेटावरचा लाल भात कुठून आला, असं साहेबांनी नंतर विचारलं. लग्नघर म्हटलं की असणारच, असं मी सांगितलं.)

रविवारी चर्चबाहेर लोकांनी माझा हात दाबून दाबून दुखवला. आणि तान लोलेने सगळ्यांदेखत हाक मारली, "इकडे ये रे! त्या हॅरिंग्टनीचा एवढा बंगला, एवढा तोरा, तिने ड्रायव्हर पत्करला. मग मी काय तिच्याहून मोठी लागून गेले? आण घरच्यांना मागणी घालायला." २४ तारखेला जायचं ठरलंय. आईने जेवणावळीसाठी डुक्करसुद्धा बघून ठेवलंय. काळजी करण्यासारखं काही नाही, आणि मी ती करतही नाही.

तुझा,
इनास

ता. क. हरवलेली टेप आज सकाळी आली. मी दोनदा पाहिली. बाई टॉमला दारातूनच हाकलते आणि लिंडा सर्जनशी लग्न करते. या शुक्रवारी गोल्फ आहे असं वर्तमानपत्रात छापून गेलंय, म्हणून साहेब ही टेप २२ तारखेला, साडेसातला लावणार आहेत.

ता. क. २. तान लोले तुझी शाळेतली मैत्रीण. २२ तारखेला तिला बरोबर साडेसातला फोन कर (तुमच्याकडे पहाटेचा दीड, दोनदा मोजलंय) आणि साडेआठपर्यंत सोडू नकोस. तिचा फोन स्वयंपाकघरात आहे, टीव्ही बाहेरच्या खोलीत. दिराने दाबलेल्या जमिनीचा विषय काढ, तास सहज जाईल. माझं लग्न तुझ्या हाती आहे.

ता. क. ३. चार वाजून वीस मिनिटे. पाकीट चिकटवणार तोच तान लोलेचा फोन. "टेप आली म्हणे? माझी बहीण ओकलंडला असते रे बाबा. खरा शेवट तिने कळवला, तो मला शनिवारीच समजला, तुला चर्चबाहेर हाक मारली त्याच्या आदल्या दिवशी." मी पाकीट खाली ठेवलं. "थाप मारावी तर अशी, अख्ख्या बेटासमोर, शर्टाची गुंडी लावून! पण लग्नानंतर माझ्याशी मारायची नाही. आणि ती टेप नीट लाव, हॅरिंग्टनी त्याला कशी हाकलते ते मला बघायचंय." तेव्हा मावशी, ता. क. २ खोडला आहे असं समज. खाडाखोडीने पान खराब करायला जीव होईना.