कोच गेला, आता फलक कशाचा?

तीर्थस्वरूप मामांना, आणि मामी शेजारी उभ्या राहून वाचत असणार म्हणून त्यांनाही, वाकून नमस्कार.

नवी कवळी रुळली का? परवा आई तुमच्याशी फोनवर बराच वेळ बोलली आणि फोन ठेवून म्हणाली, "दादा एक तर जेवलोय म्हणतोय, नाही तर घर विकलंय म्हणतोय." तेव्हापासून ती काळजीत आहे, तरी खुलासा करावा. मामींचा खोकला, तुमची झोप आणि गच्चीतल्या कुंड्या हे सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडे सर्व कुशल आहे. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात शांतता असते. (कॉलेज सोडल्यापासून मला काही सांगायचं झालं तर ते पंख्याकडे बघून सांगतात. "या घरात कोणी तरी दूध आणायला हवं," असं. पंखा काही जात नाही, मग मी जातो.)

कॉलेज का सोडलं ते आईने रडून सांगितलं असेलच, पण तिच्या रडण्यात मुद्दे मागेपुढे होतात. प्राध्यापक सर्वांदेखत म्हणाले की मी वर्गात नुसता शरीराने असतो. ते खरं होतं, म्हणूनच मला राग आला. मी दार आपटून बाहेर पडलो. जिन्यापर्यंत आल्यावर आठवलं की बॅग आतच राहिली. परत गेलो, "माफ करा" म्हणून बॅग उचलली आणि दार पुन्हा आपटलं, पण दुसऱ्या वेळी ते तितकंसं वाजलं नाही. आता मी आरशांच्या दुकानात आहे. मालक म्हणतात, तापट माणसाला आरशाचंच काम द्यावं, रागावला की समोर स्वतःचं तोंड दिसतं. खरं सांगू मामा, हे काम मला मानवलं आहे. मोठा आरसा आडवा धरून रस्त्यातून न्यायला लागलं की आभाळाचा तुकडा उचलून चालल्यासारखं वाटतं. त्यात ढग येतात, विजेच्या तारा येतात, एखादा पक्षी या कडेने शिरून त्या कडेने निघून जातो, आणि मी कुठे निघालो होतो ते विसरतो. (दोनदा चुकीच्या घरी आरसा लावून आलो आहे. एका घराने तो ठेवूनही घेतला.)

तर असाच एक आरसा पुसताना त्यात ती दिसली. आमच्या समोरच बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरचं दुकान आहे, ही त्यांची मुलगी. शिडीवर बसून ती कुठल्याशा दवाखान्याच्या बोर्डावर अक्षरं काढत होती. ओठ घट्ट मिटलेले, एक डोळा बारीक, कानामागे ब्रश, आणि हात असा चालत होता की जणू अक्षर पत्र्यात आधीपासून होतंच, ती फक्त वरची धूळ पुसते आहे. मी तो आरसा दुपारपर्यंत पुसला. मालक म्हणाले, "बस कर, मागचा मुलामा निघेल."

आता मुख्य बातमीकडे येतो. आपल्या रग्बी क्लबाने मुख्य प्रशिक्षकाला काढून टाकलं, हे तुमच्या कानावर आलं असेल. त्यात तुमच्या भाच्याचा हात आहे. हात म्हणजे खरेच हात, फलक धरणारे दोन्ही. झालं असं की मालकांना एक जादा तिकीट मिळालं होतं, ते त्यांनी मला दिलं. खेळाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही स्वतः मैदानात उतरलेला माणूस. मी पायऱ्यांवर बसलो, आपले लोक हरू लागले, माझं डोकं तापलं, आणि मी उभा राहून काही तरी ओरडलो. सगळी बाजू खदखदून हसली. माझ्या पुढच्या ओळीत एक निवृत्त कॅशियर बसतात. सभासदांचे ते पुढारी आणि गेली कित्येक वर्षं प्रत्येक कोचपेक्षा आधीचा कोच बरा होता असं सांगत आले आहेत. त्यांनी वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "पोरा, आवाज आहे तुझ्यात. आता एक फलक पाहिजे."

फलक! मामा, माझ्या डोक्यात एकदम समोरचं दुकान उजळलं. दुसऱ्याच दिवशी मी रस्ता ओलांडला. ती शिडीवरून उतरली, कापड पसरलं आणि म्हणाली, "काय लिहू?" तिच्याशी बोलायचं पहिलं वाक्य म्हणून मी मनात बरंच काही रचून ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं, "कोच हटाव." (कॅशियर त्या दिवशी 'कोच चिरायू होवो' म्हणाले असते तर मी तेही सांगितलं असतं. अक्षरं कोणती यावर माझं काहीच म्हणणं नव्हतं, त्यांना वेळ किती लागतो एवढ्यावर होतं.) आणि इथेच घोळ झाला, कारण 'कोच हटाव' फार लवकर संपतं. मी नीट बसायच्या आत ती ब्रश धुवायला लागली. म्हणून पुढच्या सामन्याला मी सांगितलं, 'माननीय मुख्य प्रशिक्षकांना सन्मानपूर्वक, परंतु विनाविलंब, पदमुक्त करण्यात यावे.' तो फलक पायऱ्यांच्या या टोकापासून त्या टोकाला गेला आणि कॅशियर म्हणाले की वाचून होईपर्यंत सामना संपतो. पण माझी अख्खी संध्याकाळ तिथे गेली. मी बाकावर बसलेला, तिचे वडील मागे डबे ढवळताहेत, टर्पेंटाइनचा वास जडावल्यासारखा तरंगतोय, खिडकीतून उतरतं ऊन कापडावरून सरकत सरकत 'विनाविलंब'पर्यंत आलंय आणि तिथेच रेंगाळलंय. ती कधी मान वर करून विचारायची, "इतका का रे राग त्या माणसावर?" आणि मी गंभीरपणे म्हणायचो, "तत्त्वाचा प्रश्न आहे." आतून वडील म्हणायचे, "तत्त्वाला दुसरा हात मारावा लागेल, पातळ झालंय."

असं करत करत हंगाम शेवटाकडे आला. प्रत्येक सामन्याला नवा फलक, आणि क्लबाच्या लोकांना वाटलं, चळवळ पेटली! माझं बघून आणखी चार जणांनी फलक करून घेतले, वर्तमानपत्रात फोटो आला आणि क्लबाची समिती घाबरली. मी तर विसरूनच गेलो होतो की या सगळ्याच्या शेवटी कुणाला खरंच काढतात. मग एका दुपारी बातमी आली, काढला.

लोकांचं काय झालं म्हणता? न्हावी एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून रस्त्यावर आला, आणि ते गिऱ्हाईकही फेसासकट त्याच्यामागे. बेकरीवाल्याने पाव फुकट वाटले, संध्याकाळी पश्चात्ताप होऊन दुसऱ्या दिवशी महाग विकले. आणि जे घसा बसेपर्यंत 'हटाव' ओरडले होते तेच चहाच्या टपरीवर हळहळायला लागले, "पण असं एकदम काढतात का माणसाला? काही रीत आहे की नाही?" कॅशियर तर डोळे पुसत म्हणाले, "काही म्हणा, हा कोच बरा होता." (तो आता आधीचा झाला होता ना!) एवढ्यात कुणाला तरी मी दिसलो. दोघांनी मला खांद्यावर घेतलं आणि मिरवणूक निघाली, ती नेमकी पेंटरच्या दुकानावरून. वरून मला ती दिसली. दारात उभी राहून ब्रश पुसत होती. पुसून झालेला ब्रश पुन्हा पुसत होती. लोक माझ्या नावाचा जयघोष करत होते आणि मला रडू फुटत होतं. खालचा म्हणाला, "आनंदाश्रू बघा पोराचे!" मामा, उद्यापासून त्या दुकानात जाऊन मी काय लिहायला सांगू, एवढाच विचार माझ्या मनात होता. माझ्या घराला बोर्ड लागत नाही. माझा धंदा नाही. मला भाड्याने द्यायला काही नाही.

दोन-तीन दिवस मी ढगात वावरावं तसा वावरलो. आरशात स्वतःला पाहिलं तरी ओळख लागेना. शेवटी उठलो, रस्ता ओलांडला आणि म्हणालो, "एक फलक हवाय. 'कोच परत आणा.'"

ती बघतच राहिली. "अरे, परवापर्यंत हटाव होतं ना?"

"माणूस बदलतो."

"कोण? कोच का तू?"

आतून वडील म्हणाले, "लिही गं. हटवा नाही तर आणा, रंग तेवढाच लागतो."

तिने पहिलं अक्षर आखलं असेल नसेल, तोच दारात एक उंच, वाकलेला माणूस आला आणि बाकावर माझ्या शेजारी बसला. तो कोच होता! हंगामभर मी त्याला लांबून, मैदानाच्या कडेला येरझारा घालणारा ठिपका म्हणून पाहिलेलं. जवळून पाहिलं तर त्याच्या स्वेटरचं कोपर उसवलेलं होतं. त्याला 'घर भाड्याने देणे आहे' असा छोटा बोर्ड हवा होता. लांबच्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवायला निघालाय. "तिथे पायऱ्याच नाहीत," तो म्हणाला, "बघायला आलेले लोक मातीत बसतात. मातीत बसून फार ओरडता येत नाही." मी बाकावर सरकत सरकत भिंतीला टेकलो. मग उभा राहिलो आणि एका दमात म्हणालो की, साहेब, तो मीच.

"आवाजावरून ओळखलं मघाशीच," तो म्हणाला. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तो पसरलेल्या कापडाकडे बघत होता. "फलक मात्र सुंदर असायचे हं तुझे. पहिल्याला नुसती रेघ होती. मग कोपऱ्यात फूल आलं. शेवटच्याला तर चारी बाजूंनी वेल, वेलीत पाखरं. आमचे लोक हरत असले की मी तिकडे बघायचो. म्हणायचो, मला घालवायला एवढी पाखरं कोण काढतंय?"

मला काहीच कळेना. कसली वेल, कसली पाखरं? मामा, फलक धरणारा माणूस मागे उभा असतो, त्याला नुसतं कापड दिसतं. आणि दुकानात ती रंगवत असताना मी कापडाच्या कडांकडे कधी पाहिलंच नव्हतं. वाळल्यावर ती गुंडाळी करून हातात द्यायची, मी ती छातीशी धरून न्यायचो. सगळ्या गावाने पाहिलं, समितीने पाहिलं, वर्तमानपत्राने छापलं, एक मी सोडून!

मी तिच्याकडे वळलो. तिचे कान त्या डब्यातल्या लाल रंगासारखे झाले होते. "मग काय," ती ब्रशशी बोलल्यासारखी म्हणाली, "नुसतं 'हटाव' तुझ्या हातात बरं दिसेना."

तिने कोचचा बोर्ड रंगवून वाळत ठेवला. मी मान खाली घालून म्हणालो, साहेब, चुकलं. तो म्हणाला, "हरलो होतोच की रे, ते काही तू केलं नाहीस." मग बोर्ड काखेत मारून गेला. तिने त्यालाही कोपऱ्यात एक पाखरू काढून दिलं. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "रविवारी मी येते सामन्याला. फलकबिलक नको, नुसतं बसू. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तू समजावून सांग." मी हो म्हणालो. मग घरी कसा आलो, ते माझ्या चपलांना माहीत. वाटेत सगळी घरं जमिनीपासून जराशी वर उचललेली दिसत होती आणि बाबा पंख्याला म्हणाले, "कोणी तरी उगीच हसतंय."

मामींना नमस्कार, लहानांना गोड पापे. कळावे, लोभ आहेच, तो बाबांपर्यंत पोचवता आला तर बघावा.

आपला भाचा,
जो सध्या जमिनीवर अधूनमधून असतो

ता. क. यातलं आईला काही सांगू नका. ती आनंदाने रडेल आणि मुद्दे मागेपुढे होतील.

ता. क. दुसरा. नवा कोच अजून गावात पोचलेलाही नाही, तोवर कॅशियर 'नवा कोच हटाव'चा फलक मागायला पेंटरच्या दुकानी आले. मी दारातच त्यांना बाणेदारपणे परत पाठवलं. ती आतून धावत आली आणि म्हणाली, "माझं गिऱ्हाईक परत पाठवणारा तू कोण?" ती काल दिवसभर माझ्याशी बोलली नाही. रविवार मात्र रद्द केलेला नाही, मी तिच्या वडिलांकडून खात्री करून घेतली.

ता. क. तिसरा, आणि पत्राचं खरं कारण. मामा, मला रग्बी येत नाही. म्हणजे कळतही नाही. अख्खा हंगाम मी फलकाच्या कापडामागे उभा राहून घोषणा देत होतो, मैदान धड दिसलंच नाही. पहिल्या दिवशी मी ओरडलो होतो ते एवढंच, की अरे, चेंडू मागे काय फेकताय, पुढे फेका! लोकांना वाटलं मी कोचची थट्टा करतोय, आणि त्या हशावर माझं सगळं पुढारीपण उभं राहिलं. मला मात्र मनापासून वाटत होतं की हा माणूस आपल्या पोरांना पळपुटेपणा शिकवतो. परवा कळलं की मागेच फेकायचा असतो, तसा नियमच आहे. का आहे, ते विचारायची कुणापाशी सोय नाही. तरी तुम्ही रविवारच्या आत उलट टपाली कळवावं, की पुढे जायचं असताना चेंडू मागे का टाकतात. ज्यासाठी त्या माणसाला शिव्या दिल्या, ते तिला निदान एकदा बरोबर सांगावं म्हणतो. आणि थोडक्यात लिहा. ती शेजारी बसली की लांबलचक काही माझ्या ध्यानात राहत नाही.