ढगातली भोकं

४ जून, सकाळी
आजपासून नातीच्या कामात नाक खुपसायचं नाही. ठरलं. सून म्हणाली, आई, हे तुम्ही तिसऱ्यांदा ठरवताय. तिला मोजायची फार हौस.
नातीचा सात तारखेला इंटरव्ह्यू. नोकरी दुर्बिणीच्या डोंगरावर, इथून दोन दिवसांचा प्रवास. जाईना का, मला काय. परीक्षकांना दाखवायला मॉडेल करतेय. काचेची पेटी, आत कापूस, कापसात बारके दिवे. कापूस म्हणजे वायूचा ढग, दिवे म्हणजे नवे तारे.

५ जून
नाक खुपसलं नाही, नुसतं विचारलं. ढगाला भोकं का? म्हणाली, आजी, तारे ढगातच जन्मतात आणि लगेच आपल्या उजेडाने, वाऱ्याने त्याच ढगाला ढकलून पोकळी पाडतात. म्हटलं, ज्या मांडीवर वाढले तिलाच लाथा, काही वळण? तर म्हणे, काठाशी वायू दाबला जातो, त्यातून कधी कधी आणखी तारे होतात. सारवासारव.

६ जून, दुपारी तीन
घरी कोणी नाही. चाळीस वर्षं गाद्या भरल्या मी. कुठे गोळा, कुठे भोक, असलं काम मालकाने माझ्या तोंडावर फेकलं असतं. परीक्षक म्हणतील, हिच्या घरात कापसातलं कळणारं कोणी नाही का. सगळा कापूस काढला, बोटांनी पिंजला, सारखा भरला. झकास. एक भोक सापडणार नाही. याला ढवळाढवळ म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात.

संध्याकाळी
नात पेटीसमोर बसून राहिली. महिनाभर चिमट्याने पाडलेली भोकं होती म्हणे. ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं. सून म्हणाली, आई, तुम्हाला ती जायलाच नकोय. काहीही बोलते.

७ जून
नात पेटी तशीच घेऊन गेली, सोबत सुनेचा केस वाळवायचा ड्रायर. पेटीच्या मागच्या पुठ्ठ्याला भोक पाडून दिव्याजवळ नळी घातली आणि परीक्षकांच्या डोळ्यांदेखत वारा सोडला. कापूस मागे सरला, मधे पोकळी, काठाला दाट कडा. तिघेही खुर्च्यांवरून उठून बघायला आले म्हणे. आधीचा गोळ्यागोळ्यांचा कापूस हललाच नसता, हे तीच म्हणाली.
नोकरी मिळाली. माझ्यामुळे मिळाली. सुनेला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ऐकवायला गेले तेव्हा लक्षात आलं मी काय बोलतेय ते. दारातूनच परत फिरले.

२ जुलै
नात गेली. बरं झालं, खोली मोकळी झाली. तिची गादी पिंजायला काढली. मधे ती निजायची तिथे हा खोल खड्डा, कडेला कापूस दाटलेला. शिवण उसवायला कात्री घेऊन बसले. तासभर बसले. गादी होती तशी परत टाकली. कात्रीला धार नाही.
सून म्हणाली, आई, सकाळी याच कात्रीने तुम्ही पडदे कापलेत. तिला नको तिथे बघायची फार हौस.