आईचा ओटा

धुळे,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ललितदादा,

नमस्कार. मी बरी आहे. वहिनी आणि तूही बरे असाल. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून पत्र.

बातमी चांगली आहे. जळगावच्या नव्या भाजीबाजारात आईला ओटा मिळाला. कोपऱ्यावरचा, दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक येईल असा.

ओट्यांचे अर्ज फक्त मोबाईलवरून घेत होते. आईकडे फोन नव्हता, म्हणून तुझा नंबर दिला. तीनदा मागवूनही ओटीपी तुझ्याकडून आलाच नाही. सुरतेत नेटवर्क नसेल, असं मी आईला सांगितलं. मुदत संपली, अर्ज बाद. आईने वांग्यांची टोपली उपडी घातली आणि बाजारात जाणं सोडलं.

मी रजा टाकून तिला बाजाराच्या कार्यालयात नेलं. तिच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या कौतिकबाई आणि सुनंदाबाईही आल्या.

साहेब म्हणाले, "ओटीपीशिवाय ही बाई तीच कशावरून?"

कौतिकबाई पुढे झाली. "हाई कोन शे ते माले इचारा ना साहेब, मोबाईलले काय इचारतस? ई जेवाले गयी का इना वांगा मीच इकस."

"आणि तू खोटं बोललीस तर?"

"मंग तिना ओटा माले द्या," सुनंदाबाई म्हणाली. साहेबांसकट सगळे हसले.

मी तिथेच मसुदा लिहून दिला: ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांची ओळख दोन बाजूंच्या शेजारणींनी पटवावी. साहेबांनी वरिष्ठांना फोन लावला. संध्याकाळपर्यंत बाद झालेले सगळे अर्ज पुन्हा उघडले. त्यातल्या एकाही बाईचा ओटा गेला नाही. आई कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना एवढ्या मोठ्याने बोलत होती, की मी तिला ओळखलं नसतं.

एक राहिलं. साहेबांच्या स्क्रीनवर मला दिसलं. ओटीपी तुझ्या फोनवर तिन्ही वेळा पोहोचला होता. आईला मी हे सांगितलेलं नाही. सासरी तू 'आई घरीच असते' असं सांगतोस, तेही नाही. ते मला वहिनीकडून कळलं.

आईला आता स्वतःचा फोन घेतला आहे. पहिला फोन ती तुलाच करणार आहे, रविवारी, ओट्यावरून. मागे बाजाराचा गलका असेल. उचल. सासरची माणसं बसलेली असली, तर स्पीकरवर ठेव.

भाजीवालीची मुलगी, आणि म्हणूनच तुझी बहीण,
ऋतिका